ट्रॅक्टरचे पोट सांभाळा : चेंबरला बसणारा मार आणि ऑइलची गळती



नवा ट्रॅक्टर दारात येतो त्या दिवशी आपण त्याची पूजा करतो, नारळ फोडतो, बॉनेटला हार घालतो. पुढेही त्याची निगा राखतो. टायरची हवा पाहतो, रेडिएटरमध्ये पाणी आहे का ते पाहतो, डिझेल भरतो. पण खाली वाकून ट्रॅक्टरचे पोट रोज पाहणारे थोडेच. गोठ्यातल्या बैलाच्या पोटाला गोचीड लागली तर ती आपल्या नजरेतून सुटत नाही. ट्रॅक्टरच्या पोटाला मार लागला आणि तेथून ऑइल ठिबकू लागले, तर ते मात्र कित्येक दिवस कळत नाही. कळते तेव्हा बहुधा इंजिन जाम झालेले असते.

इंजिन जाम होणे म्हणजे काय, हे ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांना विचारा. क्रँक, बेअरिंग, पिस्टन, लायनर असे सगळेच काम निघते. खर्च कित्येक हजारांत जातो हा एक भाग झाला. पण वाफसा आला आहे, शेजाऱ्याची पेरणी चालू आहे आणि आपला ट्रॅक्टर गॅरेजमध्ये उघडून पडला आहे, हे नुकसान गॅरेजच्या पावतीवर दिसत नाही. वाफसा कोणासाठी थांबत नाही आणि बँकेचा हप्ताही थांबत नाही.

म्हणून या पत्रकात तीन गोष्टी सांगणार आहोत. इंजिनला खालून मार कसा बसतो, तो टाळावा कसा, आणि मार बसलाच तर त्या घडीला काय करावे. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ती घरातल्या प्रत्येकाला आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या गड्यालाही वाचून दाखवा.

चेंबर म्हणजे काय?

इंजिनच्या अगदी खालच्या अंगाला ऑइल साठवणारी कढईसारखी पेटी असते. गॅरेजवाले तिला चेंबर म्हणतात. ३५ ते ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या चेंबरमध्ये साधारण ६ ते ८ लिटर ऑइल मावते. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. चेंबरच्या तळाजवळ एक जाळी असते. ऑइलचा पंप या जाळीतून ऑइल ओढतो, ते फिल्टरमधून गाळले जाते आणि क्रँक, बेअरिंग, वॉल्व्ह अशा प्रत्येक फिरत्या भागाला पोचते. तेथून ठिबकत ते पुन्हा चेंबरमध्ये येते. इंजिन चालू आहे तोवर हा फेरा चालू राहतो.

क्रँक आणि त्याचे बेअरिंग एकमेकांना घासत असावेत असे आपल्याला वाटते. तसे नसते. दोघांच्या मध्ये ऑइलचा केसाहून पातळ थर असतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर क्रँकचे एका सेकंदाला ३३ फेरे होतात. ऑइल थांबले की हा थर तुटतो, धातूवर धातू घासतो, आणि ऑइलबरोबर जाणारी उष्णताही तिथेच अडकते. अशा स्थितीत नांगराचा भार ओढत दोन-चार मिनिटे इंजिन चालले, तरी बेअरिंगची वाट लागायला तेवढे पुरते.

आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. चेंबर हा इंजिनचा आड आहे. पंप कितीही नवा असो, चेंबर रिकामा झाला तर तो फक्त हवा ओढणार.

मार कोठून बसतो?

या आकाराच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे पोट जमिनीपासून साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर उंच असते. म्हणजे पुरते हातभरही नाही. द्राक्षबागेत किंवा फळबागेत वापरायच्या छोट्या ट्रॅक्टरांची उंची याहून कमी असते. आता असे पाहा की ओल्या काळ्या रानात चाके १० ते १२ सेंटिमीटर रुतली, तर पोट तेवढेच खाली येते. टायर झिजलेले असले, तर आणखी थोडे. अशा वेळी जमिनीवरची वीतभर उंचीची वस्तूसुद्धा पोटाला लागू शकते.

मार बसण्याच्या नेहमीच्या जागा अशा :

१) पऱ्हाटीची आणि तुरीची खुंटे. कोयत्याने तिरका घाव घालून काढलेल्या तुरीचे खुंट वाळले की भाल्यासारखे होते. ते टायरला भोक पाडते आणि पोटाखालचा पाइप किंवा वायरही उखडते.

२) नव्याने मोडलेल्या रानातली बाभळीची, बोरीची बुडखे. गवत वाढले की ती दिसत नाहीत.

३) दगड. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात दरवर्षी नांगरटीबरोबर नवे दगड वर येतात. कोकणात जांभ्याचा खडक मातीच्या थराखालीच असतो.

४) बांध. पुढची चाके बांधावरून उतरली आणि मागची अजून चढायची आहेत, त्या वेळी बांधाचा माथा बरोबर चेंबरखाली येतो. ट्रॅक्टर पोटावर बसतो. ड्रायव्हर रेस वाढवून तो ओढून काढतो आणि मार बसतो तो तिथेच.

५) ओढ्यातले गोटे, उसाच्या रानातल्या उंच सऱ्या, आणि ट्रॉलीच्या वाहतुकीने खोल झालेल्या चाकोऱ्या. चाकोरी खोल गेली की मधला उंचवटा पोटाला लागतो.

६) पोटाखाली अडकलेली तार, ठिबकच्या नळ्या, सुतळी. यांचा मार मोठा नसतो, पण त्या ऑइलच्या दिव्याची वायर तोडतात किंवा फिल्टरपाशी गुंडाळल्या जातात.

बिडाचा चेंबर आणि पत्र्याचा चेंबर

बऱ्याच ट्रॅक्टरांचा चेंबर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड असतो. काहींमध्ये तर पुढचा आस आणि इंजिन यांचा भार पेलणारा तो एक भागच असतो. बीड कठीण, पण ठिसूळ. त्याला पोचा पडत नाही, त्याला तडा जातो. तडा केसासारखा बारीक असतो. इंजिन थंड असताना कोरडा दिसतो आणि ऑइल तापून पातळ झाले की पाझरू लागतो.

काही ट्रॅक्टर, तसेच जीप आणि पिकअप यांचा चेंबर पत्र्याचा असतो. पत्र्याला मार लागला की पोचा पडतो. ऑइल गळत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि नेमके इथेच फसायला होते. पोचा आत शिरून जाळीला टेकला, तर चेंबर भरलेला असूनही पंपाला ऑइल मिळत नाही. शिवाय पोच्यामुळे चेंबरमधली जागा कमी होते. त्यामुळे ऑइल कमी असूनही पट्टीवर पातळी बरोबर दिसते. तेव्हा पत्र्याच्या चेंबरला मोठा पोचा पडला असेल, तर एक थेंब गळत नसला तरी मिस्त्रीला दाखवा.

मार न बसताही ऑइल जाते

खालून होणारी प्रत्येक गळती माराचीच असते असे नाही. पुढच्या जागा तपासा.

ड्रेन प्लग : चेंबरच्या तळाला ऑइल काढण्याचा नट असतो. ऑइल बदलताना तो नीट बसवला नाही, तर इंजिनच्या थरथरीने सैल होतो आणि एखाद्या दिवशी रानात गळून पडतो. त्याखाली तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर असतो. दर वेळी नवा वायसर टाका. त्याची किंमत चहाच्या खर्चाएवढी असते. वायसरच्या जागी सुतळी किंवा चिंधी गुंडाळू नका. पान्याला पाइप लावून नट जोराने आवळण्याचाही मोह टाळा. त्याने आटे जातात, आणि आटे गेलेला नट पुढे कधीच घट्ट बसत नाही.

फिल्टर : नवा फिल्टर बसवताना जुन्याचे रबर इंजिनला चिकटून राहिले आणि त्यावरच नवे रबर बसले, तर तेथून ऑइल दाबाने बाहेर पडते. ही गळती ठिबकत नाही, उडते. फिल्टर बदलल्यावर इंजिन चालू करून मिनिटभर तेथे लक्ष ठेवा.

चेंबरचे पॅकिंग आणि क्रँकचे ऑइल सील : ही कालांतराने कडक होतात. इथली गळती हळू असते, पण दिवसागणिक वाढते.

हळू गळतीचाही हिशेब करून पाहा. ऑइलचे साधारण ३० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. दर दोन सेकंदांना एक थेंब पडत असेल तर मिनिटाला ३० थेंब, म्हणजे तासाला ६० मिलिलिटर. दहा तासांच्या नांगरटीत ६०० मिलिलिटर, अर्ध्या लिटरहून जास्त ऑइल मातीत गेले. दोन-तीन दिवसांत पट्टीवरची पातळी वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत येऊ शकते.

रोजची पाच मिनिटे

सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी एवढे करा.

१) ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा असावा. ऑइलची पट्टी काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ हवी. वरच्या खुणेच्या वर भरणेही चुकीचे आहे. उताराच्या रानात काम असेल तर पातळी खालच्या खुणेवर ठेवून जाऊ नका. उतारावर ऑइल एका अंगाला सरते आणि जाळी उघडी पडते.

२) रात्री इंजिनखाली खताची रिकामी पांढरी गोणी किंवा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग कोठे पडला आहे ते पाहा. डागाच्या बरोबर वर पाहिले की गळतीची जागा सापडते. काळे पातळ ऑइल इंजिनचे असते. मागच्या अंगाला पडलेले पिवळसर ऑइल बहुधा गिअरचे किंवा हायड्रॉलिकचे असते. तीही गळती दुरुस्त करायची, पण ती वेगळी.

३) खाली वाकून बॅटरीच्या उजेडात चेंबर, ड्रेन प्लग आणि फिल्टर पाहा. ऑइलने ओल्या झालेल्या जागी धूळ चिकटून काळा थर बसतो. एरवी कोरड्या इंजिनवर असा ओला काळा पट्टा दिसला की समजावे, तेथे पाझर आहे. नट बसवल्यावर नट आणि चेंबर या दोहोंवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे.

४) किल्ली फिरवा, पण इंजिन चालू करू नका. ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे. इंजिन चालू झाल्यावर काही सेकंदांत तो विझला पाहिजे. किल्ली फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर आनंद मानू नका. दिवा गेला आहे किंवा वायर तुटली आहे. आपल्या गावात असे किती ट्रॅक्टर दिवा मेलेल्या अवस्थेत फिरत असतील, ते तुम्हीच मोजा. दिव्याऐवजी काटा असेल तर तो हिरव्या पट्ट्यात असावा.

बऱ्याच पॉवर टिलरना असा दिवा नसतो. भातखाचरात टिलर चालवणाऱ्यांनी म्हणूनच पट्टी पाहिल्याशिवाय इंजिनला हात घालू नये.

हंगामापूर्वी एकदा इंजिनची खालची बाजू धुऊन स्वच्छ करा. चिखलाने लिंपलेल्या चेंबरचा तडा कोणालाच दिसत नाही. मात्र तापलेल्या बिडावर गार पाणी मारू नका, त्यानेही तडा जातो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

एक सूचना जपून पाळा. पाहण्यासाठी ट्रॅक्टरखाली शिरायचे असेल तर इंजिन बंद, किल्ली आपल्या खिशात, हँडब्रेक ओढलेला, अवजार जमिनीवर टेकवलेले आणि चाकांना दगड लावलेले असावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कधीही शिरू नये.

रानात काम करताना

पऱ्हाट्या आणि तूर काढल्यावर खुंटे रानात ठेवू नका. पऱ्हाट्या मुळासकट उपटणे किंवा श्रेडरने बारीक करणे चांगले. गुलाबी बोंडअळीचा मुक्काम मोडण्यासाठीही हेच करावे लागते, म्हणजे एका कामात दोन फायदे.

मोठी बुडखे आणि उघडा खडक यांच्या शेजारी काठी रोवून तिला पांढरी चिंधी बांधा. भाड्याने येणाऱ्या ड्रायव्हरला तुमच्या रानाची माहिती नसते. त्याला आधी रानातून एक फेरी पायी मारून या जागा दाखवा. पहिल्या नांगरटीनंतर दगड वेचून बांधावर लावा.

बांध ओलांडायला एकच ठरावीक जागा ठेवा. तेथे दोन्ही अंगांना माती ओढून लांब उतार करा, म्हणजे पोट टेकणार नाही. बांध तिरका ओलांडण्याची युक्ती काही जण करतात. त्यात ट्रॅक्टर कलंडण्याचा धोका असतो, ती करू नका. ट्रॅक्टर पोटावर बसलाच तर रेस वाढवून ओढू नका. उतरा, फावड्याने पोटाखालची माती काढा आणि मग हळू मागे घ्या.

गवत वाढलेल्या किंवा अनोळखी रानात खालचा गिअर टाका. हळू चाललेल्या ट्रॅक्टरला दगड लागला तर ओरखडा उठतो. वेगात लागला तर तडा जातो. पोटाखाली काही आपटल्याचा आवाज आला की त्याच जागी थांबा, इंजिन बंद करा आणि खाली पाहा. तास पूर्ण करून पाहू, असे म्हणू नका.

पोटाखाली संरक्षक पत्रा

ज्यांचे रान फार खडकाळ आहे, त्यांनी चेंबरखाली संरक्षक पत्रा लावून घ्यावा. गॅरेजवाले त्याला गार्ड म्हणतात. तो करून घेताना या गोष्टी सांगा.

पत्रा ४ ते ५ मिलिमीटर जाडीचा लोखंडी असावा. तो चेंबरला टेकता कामा नये. दोघांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे. पत्रा चेंबरला टेकलेला असेल तर बसलेला मार सरळ चेंबरला पोचतो आणि पत्र्याचा उपयोग काहीच होत नाही. पत्र्याची पुढची कड होडीच्या टोकासारखी वर वळवलेली असावी, म्हणजे ती खुंटाला अडकणार नाही, वरून घसरून जाईल.

ड्रेन प्लगच्या खाली पान्यासकट हात जाईल एवढे भोक ठेवा. बाजू मोकळ्या ठेवा. चेंबर खालच्या वाऱ्याने थंड होत असतो, त्याला पेटीत कोंडू नका.

पत्रा नट-बोल्टने बसवा आणि चेंबरला किंवा त्याच्या कानांना वेल्डिंग करू नका. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर भोके पाडण्याआधी विक्रेत्याला विचारा.

पत्रा लावला म्हणून पाहणी सुटत नाही. उलट पत्र्यावर पाचट, वाळलेला पाला आणि चिखल साठतो. त्यावर ऑइल ठिबकले आणि इंजिनची धग लागली तर पेट घेण्याची भीती असते. म्हणून दर आठवड्याला पत्र्यावरचा कचरा काढा.

रानात चेंबर फुटला तर?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

नांगरट चालू आहे. खाली काहीतरी आपटले. थोड्या वेळाने लाल दिवा लागला. घर अर्ध्या किलोमीटरवर आहे. अशा वेळी बहुतेक जण काय करतात? हळूहळू घरापर्यंत नेऊ, असे म्हणतात. हाच तो अर्धा किलोमीटर, ज्यात इंजिन जाते.

फुटलेल्या चेंबरची दुरुस्ती लहान असते. ऑइलशिवाय चाललेल्या इंजिनची दुरुस्ती मोठी असते. या दोन खर्चांच्या मध्ये फक्त किल्ली बंद करणारा हात असतो. लाल दिवा लागला याचा अर्थ ऑइल आता कमी होऊ लागेल असा नाही. ऑइलचा दाब त्याच क्षणी गेलेला आहे.

म्हणून असे करा :

१) दिवा लागला, काटा खाली आला किंवा इंजिनमधून टकटक आवाज आला, की ट्रॅक्टर जागच्या जागी बंद करा. तासाच्या मध्ये असो, वाटेत असो. वाहत्या रस्त्यावर असाल तर तेवढा कडेला घ्या.

२) गळणाऱ्या जागेखाली घमेले किंवा बादली ठेवा. ऑइल तापलेले असते, हात भाजतो, जपून.

३) नट पडला असेल तर उरलेले ऑइल वाचवण्यापुरती लाकडाची खुंटी ठोकता येते. पण ती ऑइल थांबवण्यासाठी आहे. खुंटी ठोकून इंजिन चालू करायचे नाही.

४) तड्याला साबण लावू नका. डिझेलच्या टाकीला भेग पडली की साबण चोळून वेळ मारून नेतात, हे खरे. पण चेंबरमधले ऑइल उकळत्या पाण्याएवढे तापते. तिथे साबण टिकत नाही.

५) दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून न्या. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि वेग माणसाच्या चालीचा ठेवा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन बंद असताना ते जड चालते, हे ड्रायव्हरला आधी सांगा. किंवा मिस्त्रीलाच रानात बोलवा.

६) नुसते ऑइल ओतत ओतत घरी आणणे हाही उपाय नाही. मोठ्या भोकातून ते तेवढ्याच वेगाने जाते.

इथे मालकांना एक सांगायचे आहे. पुष्कळदा ट्रॅक्टर गडी किंवा शेजारचा पोरगा चालवत असतो. दिवा त्यालाही दिसतो. पण रानात बंद पाडला तर मालक ओरडेल, या भीतीने तो ट्रॅक्टर तसाच घरी आणून लावतो आणि काही बोलत नाही. त्याला आजच मोकळेपणाने सांगून ठेवा, "बाबा, लाल दिवा लागला तर जिथे असशील तिथे बंद कर. दिवस गेला तरी चालेल, मी तुला एक शब्द बोलणार नाही." आणि त्याने खरोखर बंद केला, तर त्या दिवशी तो शब्द पाळा. एका दिवसाचे काम गेले तरी इंजिन वाचते.

दुरुस्ती करताना

घट्ट होणारे मिश्रण, म्हणजे एम-सीलसारखी पुट्टी, बारीक तड्यावर तात्पुरती चालते. त्याआधी ऑइल पूर्ण काढून ती जागा अगदी कोरडी आणि स्वच्छ करावी लागते. ओशट जागेवर ती धरत नाही. हा उपाय गॅरेज गाठेपर्यंतचा समजा, हंगामभराचा नव्हे.

बिडाला वेल्डिंग करण्याचे काम जाणत्या माणसाचे आहे. चेंबर इंजिनला लावलेला असताना, आत ऑइल असताना वेल्डिंग करू देऊ नका. ऑइलची वाफ पेट घेऊ शकते. ज्या ट्रॅक्टरचा चेंबर भार पेलतो, त्याचा चेंबर घरी खोलू नका. आधार दिल्याशिवाय तो काढला तर पुढचा भाग खाली येतो आणि माणूस दबतो.

दुरुस्ती झाल्यावर चेंबर आतून धुऊन, जाळी साफ करून, नवे पॅकिंग घालून बसवावा. पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचे नवे ऑइल भरावे, फिल्टरही बदलावा. इंजिन चालू केल्यावर दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर दहा मिनिटे रेस न देता चालवा, खाली पाहा, आणि मगच अवजार जोडा. दिवा लागल्यानंतरही इंजिन चालवले गेले असेल, तर ते मिस्त्रीपासून लपवू नका. बेअरिंग उघडून पाहायचे की नाही, हे त्यावरच ठरते.

घमेल्यात जमलेले जुने ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात बंद करून गॅरेजवर द्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

- रोज सकाळी पट्टी पाहा, खाली वाका, गोणीवरचा डाग पाहा.
- किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागतो का आणि इंजिन चालू झाल्यावर विझतो का, हे पाहा.
- ड्रेन प्लगला दर वेळी नवा वायसर, आणि नटावर रंगाची रेघ.
- खुंटे काढा, दगड वेचा, बांधावर वाट करा.
- संरक्षक पत्रा चेंबरला टेकू देऊ नका, त्यावर कचरा साठू देऊ नका.
- काही आपटले तर थांबून पाहा. लाल दिवा लागला तर जागेवर बंद करा.

बैल गेला आणि झोपा केला, असे आपल्या ट्रॅक्टरचे होऊ नये. हे पत्रक ट्रॅक्टरच्या पेटीत, पान्यांबरोबर ठेवा. काही अडचण आली तर आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या यंत्रांच्या जाणकाराला विचारा, किंवा कार्यक्रमाला पत्र लिहा.